उरलेले तुकडे



पाच हजारांना जेवू घातल्यावर प्रभू येशूने उरलेले तुकडे गोळा करायला लावले. बारा टोपल्या भरल्या (योहान 6). आपण मात्र मिस्सानंतर मंडईत स्वस्त मिळाली म्हणून मेथीच्या चार जुड्या घेतो आणि बुधवारी दोन फेकतो. पुण्यात 2008 पासून ‘स्वच्छ’ संस्थेच्या कचरावेचक भगिनी घरोघरी कचरा गोळा करतात. आपण टाकलेले अन्न त्यांच्याच हाती जाते.

म्हणून शनिवारी घरातले डबे पाहून आठवड्याचा बेत लिहू या. पालेभाजी दोन दिवसांपुरतीच आणू, आधी तीच शिजवू. कोबी, लाल भोपळा मागे ठेवू. उरलेल्या भाताला फोडणी देऊ, पोळ्यांचा कुस्करा करू. वाचलेले पैसे गरजूंसाठी बाजूला ठेवू. आपली टोपलीही अशीच भरेल.