आधी नावं वाचा, मग ऐका

जॅझ ऐकायचा म्हणतो, पण सुरुवात कुठून करू, असं विचारणारे बरेच भेटतात. त्यांना मी शंभर रेकॉर्डची यादी देत नाही. तशा याद्यांनी माणूस धास्तावतो. त्यापेक्षा या नादात जे हाती लागलं, ते सांगतो.

१. गाण्यापेक्षा माणसांच्या मागे लागा.

रेकॉर्डच्या कव्हरवर पुढे फोटो असतो, खरा ऐवज मागच्या बाजूला. कोण काय वाजवतंय, कुठल्या तारखेला, कुठल्या स्टुडिओत. माइल्स डेव्हिसची ‘काइंड ऑफ ब्लू’ घ्या. १९५९ साली न्यूयॉर्कमध्ये कोलंबिया कंपनीच्या स्टुडिओत, २ मार्च आणि २२ एप्रिल अशा दोन दिवसांत ती वाजवली गेली. वादक सात. ट्रम्पेटवर डेव्हिस, सॅक्सोफोनवर जॉन कोल्ट्रेन आणि कॅननबॉल ॲडर्ली, पियानोवर बिल एव्हान्स आणि एका तुकड्यापुरता विंटन केली, बासवर पॉल चेंबर्स, ड्रम्सवर जिमी कॉब. यातला जो कानाला भावेल त्याचा माग काढत निघा. एव्हान्स तुम्हाला त्याच्या त्रिकुटाकडे नेईल, १९६१ मध्ये ‘व्हिलेज व्हॅनगार्ड’ क्लबात वाजवलेल्या मैफलीपाशी. कोल्ट्रेन नेईल ‘अ लव्ह सुप्रीम’कडे. अशी सात दारं एका कव्हरच्या मागे असतात. मोबाइलवर ही नावं बहुधा दिसत नाहीत. शोधून काढायची तसदी घ्याच.

२. मोजायला शिका.

ख्याल ऐकणाऱ्याला आवर्तन कळतं, समेची वाट बघता येते. जॅझमध्येही एक चक्र फिरत असतं. फक्त ते नुसत्या तालाचं नसून चालीचं आणि तिच्याखालच्या स्वरमेळांचं असतं. एक रुळलेला साचा बत्तीस बारचा, म्हणजे मात्रांच्या बत्तीस गटांचा. आठ-आठचे चार भाग. पहिला, दुसरा, चौथा सारखे आणि तिसरा वेगळा. ‘काइंड ऑफ ब्लू’मधल्या पहिल्याच तुकड्यावर, ‘सो व्हॉट’वर, हे मोजून पाहा. आधी पियानो आणि बास यांचं सैलसर बोलणं होतं. मग बास चाल धरतो आणि बाकीचे दोन स्वरमेळांत त्याला होकार भरतात. तिसऱ्या भागात सगळं अर्ध्या स्वराने वर सरकतं, चौथ्यात पुन्हा मूळ जागी. मुखडा संपतो तिथे कॉब सिम्बलवर एक टोला देतो आणि तो घुमत असतानाच डेव्हिस एकट्याचं वादन सुरू करतो. त्याला दोन फेऱ्या, कोल्ट्रेनला दोन, ॲडर्लीला दोन, एव्हान्सला एक. बोटांवर मोजत हे ऐकलं की ‘मनाला येईल तसं वाजवतात’ हा गैरसमज आपोआप गळून पडतो.

३. एकच चाल तिघांकडून ऐका.

‘बॉडी अँड सोल’ हे १९३० सालचं गाणं, चाल जॉनी ग्रीनची. लुई आर्मस्ट्राँगने ते त्याच वर्षी रेकॉर्ड केलं. मग ११ ऑक्टोबर १९३९ ला कोलमन हॉकिन्सने सॅक्सोफोनवर वाजवलं. मूळ चाल सुरुवातीला जेमतेम ओळखू येते, पुढे ती परत येतच नाही. खाली स्वरमेळ तेच राहतात आणि त्यांच्यावर हॉकिन्स नवीच इमारत चढवत जातो. तरी ही रेकॉर्ड अमाप खपली. कोल्ट्रेनने १९६० मध्ये तेच गाणं घेतलं, तेव्हा स्वरमेळांनाही हात घातला. एका संध्याकाळी तिन्ही लागोपाठ लावा. तीस वर्षांत काय काय बदललं, ते ग्रंथ न उघडता कळतं.

४. तारखेकडे लक्ष असू द्या, आणि ज्या तारखा नाहीत त्यांच्याकडेही.

जुन्या ७८ च्या तबकडीवर एका बाजूला साधारण तीन मिनिटं मावत. नाचघरात रात्रभर रंगणारं वादन तेवढ्यात आवरावं लागे. त्यातच १ ऑगस्ट १९४२ पासून अमेरिकेतल्या वादकांच्या संघटनेने रेकॉर्ड कंपन्यांवर बहिष्कार टाकला. मोठ्या कंपन्यांशी शेवटची तडजोड व्हायला १९४४ चा नोव्हेंबर उजाडला. नेमक्या त्याच काळात हार्लेममधल्या ‘मिंटन्स प्लेहाउस’सारख्या ठिकाणी बीबॉप ही जॅझची नवी शैली घडत होती. म्हणून रेकॉर्डच्या हिशेबाने पाहिलं तर १९४५ मध्ये बीबॉपचा सॅक्सोफोनवादक चार्ली पार्कर आभाळातून पडल्यासारखा वाटतो. तो पडलेला नव्हता. मधली पानं कोरी राहिली होती.

छापील गोष्टीवरही डोळे झाकून विसंबू नये. ‘काइंड ऑफ ब्लू’ची पहिली बाजू कित्येक वर्षं किंचित चढ्या स्वरात विकली गेली, कारण ध्वनिमुद्रणाच्या वेळी टेपचं यंत्र जरा हळू फिरत होतं. ती चूक १९९२ च्या आवृत्तीत दुरुस्त झाली.

५. आख्यायिका ऐका, पण गाठ मारून ठेवू नका.

या क्षेत्रात थापांना तोटा नाही. पियानोवादक जेली रोल मॉर्टन तर १९०२ साली जॅझ आपणच शोधला असं सांगत असे. आर्मस्ट्राँग जन्मतारीख ४ जुलै १९०० सांगायचा, अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनाची; त्याच्या मृत्यूनंतर न्यू ऑर्लिन्समधल्या चर्चची नोंद सापडली, ती ४ ऑगस्ट १९०१ ची. जॅझचा पहिला वादक म्हणून ज्याला मान देतात त्या बडी बोल्डनच्या कॉर्नेटची एकही रेकॉर्ड आज ऐकायला मिळत नाही. खोटं असेल तिथे ते कशाची उणीव भरून काढतंय हे पाहिलं, तर त्यातूनही इतिहास हाती लागतो.

६. वादकाच्या पोटापाण्याची चौकशी करा.

न्यूयॉर्कच्या क्लबात वाजवायला १९६७ पर्यंत पोलिसांचा परवाना लागे. पियानोवादक थेलोनियस मंकचा परवाना १९५१ मध्ये गेला आणि ऐन उमेदीची सहा वर्षं त्याला त्या शहरातल्या क्लबांत बसता आलं नाही. ‘काइंड ऑफ ब्लू’ बाजारात आली १९५९ च्या ऑगस्टमध्ये. त्याच महिन्यात ‘बर्डलँड’ क्लबच्या दारात, स्वतःचं नाव लागलेल्या पाटीखाली उभ्या असलेल्या डेव्हिसचं डोकं पोलिसांनी फोडलं. कारण काय, तर ‘पुढे हो’ म्हटल्यावर तो हलला नाही. ती शांत रेकॉर्ड हे माहीत असताना ऐकणं वेगळं.

७. नावांचा माग काढता काढता घरी पोचाल.

१९२६ मध्ये शिकागोच्या अर्स्किन टेटच्या वाद्यवृंदाने एक रेकॉर्ड केली. ट्रम्पेटवर आर्मस्ट्राँग, पियानोवर टेडी वेदरफर्ड. आर्मस्ट्राँगचं पुढे काय झालं ते जगाला ठाऊक आहे. वेदरफर्ड शांघायमार्गे थेट मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात आला आणि १९४५ मध्ये कोलकात्याला कॉलऱ्याने गेला. ताजमध्ये त्याच्याआधी, १९३५ ला, लिऑन ॲबीचा वाद्यवृंद येऊन गेला होता. ही हकिकत नरेश फर्नांडिस यांच्या ‘ताजमहाल फॉक्सट्रॉट’ या पुस्तकात मुळातून वाचावी.

या लोकांचं वादन मुंबईत ऐकणाऱ्यांत गोव्याचे वादक होते. हळदोण्याचा आंतोनियो झेवियर वाझ ट्रम्पेट वाजवायचा. जग त्याला चिक चॉकलेट म्हणून ओळखायचं. आपल्या पुणतांब्याच्या चितळकरांनी, म्हणजे संगीतकार सी. रामचंद्रांनी, त्याला हाताशी धरलं. १९५१ च्या ‘अलबेला’त तो आणि त्याचे साथीदार पडद्यावरही दिसतात. भगवानदादांच्या पावलांवरून नजर काढून पुन्हा एकदा पाहा, मागे उभे असलेले ते वादक.

त्यातल्या किती जणांची नावं आपल्याला सांगता येतील? अमेरिकन कव्हरच्या मागे नावं छापलेली तरी असतात. आपल्या चित्रपटांच्या श्रेयनामावलीत वादकांना क्वचितच जागा मिळाली. तेव्हा ओळखीत कुणी जुना वादक असेल, तर ‘काय वाजवायचात’ हे नंतर विचारा. आधी विचारा, ‘शेजारी कोण कोण बसायचं?’ आणि तो सांगेल ते तारखेसकट लिहून घ्या.