चमकणाऱ्या कड्या असल्या, तरी दिवा लागेल?

प्रश्न: रात्री कयाक चालवायची आहे. डेकवर अंधारात चमकणाऱ्या दोऱ्या-कड्या बसवल्या तर वेगळा दिवा लागेल का?

उत्तर: लागेलच. या कड्यांत बहुधा स्ट्रॉन्शियम अ‍ॅल्युमिनेट असतं. ते उजेड साठवून हळूहळू सोडतं. सुरुवातीची काही मिनिटं लख्ख, मग मंद होत जातं. कयाक उलटलीच तर दोरी कुठे आहे ते तुम्हाला दिसावं, एवढ्यासाठी त्या जरूर बसवा. निघताना टॉर्च अगदी जवळ धरून त्यांच्यावर उजेड पाडा. पण समोरून येणाऱ्या मच्छीमार बोटीला तो हिरवट उजेड दिसेल, या भरवशावर राहू नका. आंतरराष्ट्रीय सागरी नियमांतल्या २५व्या नियमानुसार वल्ह्याच्या होडीवर निदान पांढऱ्या उजेडाची टॉर्च हाताशी हवी आणि टक्कर टळेल इतक्या आधी ती दाखवायला हवी. टॉर्च पाण्यात चालणारी घ्या आणि लाइफ जॅकेटलाच बांधा, डेकवर नको.