टाकीतलं पाणी किती जोरात फिरवायचं? माशालाच विचारा!

गोल टाकीत तिलापिया करायचा म्हटलं की सगळे विचारतात, टाकी केवढ्याला, बीज कुठून, खाद्य कोणतं. पाण्याच्या वेगाबद्दल क्वचितच कुणी विचारतं. पण खाद्य वाया जाणं आणि माल लहान-मोठा निघणं, यात या वेगाचा मोठा वाटा असतो.

मासा प्रवाहाकडे तोंड करून पोहतो. वेग बेताचा असेल तर सगळे एका दिशेने, सारख्या अंतरावर पोहतात. पाणी थांबलं की तिलापियाचे नर जागा धरून बसतात, दुसऱ्यांना हुसकावतात, शेपट्या कुरतडतात. दांडगे मासे खाद्य खातात, बाकीचे उपाशी. विकताना मग एका लॉटमध्ये तीन साइज निघतात आणि व्यापारी भाव पाडतो. शिवाय विष्ठा तळाशी साचते ती वेगळीच.

म्हणून जोरात फिरवायचं का? तसंही नाही. मासा दमला की खाल्लेलं सगळं पोहण्यातच खर्च होतं, वजन कुठून वाढणार?

वेग मोजायला मीटर नको. चार मीटर व्यासाच्या टाकीत भिंतीपासून फूटभर आत थर्माकोलचा तुकडा सोडा. एक फेरी साधारण पावणेअकरा मीटरची होते. त्याला ६० सेकंद लागले, तर वेग सेकंदाला १८ सेंटिमीटर. आता हा वेग माशाच्या लांबीशी ताडून बघा. १८ सेंटिमीटरच्या माशाला तो सेकंदाला एक अंगलांबी पडतो, म्हणजे झेपतो. पण ५ सेंटिमीटरच्या बोटुकलीला तोच वेग साडेतीन पटींहून जास्त! ती ढकलली जाऊन मधल्या जाळीला चिकटते. बीज सोडल्यावर व्हॉल्व्ह कमी ठेवा, मासा वाढेल तसा उघडा.

पाणी आत सोडणारा पाइप भिंतीलगत तिरका लावा, म्हणजे पाणी गोल फिरतं आणि घाण मधल्या निचऱ्याकडे सरकते. (बायोफ्लॉकवाल्यांनो, तुमचा फ्लॉक मात्र तळाशी बसू द्यायचा नाही, हवा चालूच ठेवा.) खाद्य टाकताना प्रवाह थोडा मंद करा, नाहीतर दाणे थेट निचऱ्यात.

आणि पहाटे एक चक्कर मारा. मासे वर येऊन तोंड उघडझाप करत असतील, किंवा येणाऱ्या पाण्यापाशीच गर्दी करत असतील, तर ऑक्सिजन कमी पडतोय. आधी हवा वाढवा, खाद्य थांबवा, वेगाचं नंतर बघू.