कॉलेज सोडून नर्सिंगला जावे काय? : एक धम्मपाठ

कुणकेश्वरची महाशिवरात्रीची जत्रा आटोपली, की कॉलेजच्या परीक्षा जवळ येतात आणि त्याच सुमारास आपल्या घरांतून एक प्रश्न ऐकू येऊ लागतो. घेतलेली शाखा सोडून मुलीने नर्सिंगला जावे की नाही? मागे आपल्याच वाडीतील एका मुलीच्या घरी हा प्रश्न निघाला. ती देवगडला बी. एससी.च्या पहिल्या वर्षात शिकत होती. वडील म्हणाले, "वर्ष फुकट जाईल." आईचे दुःख मात्र वेगळे होते. ती म्हणाली, "जां काम आज्यान सोडल्यान, तांच तू पैसे भरून शिकतलंस?"

समाजबांधवहो, या वाक्यावर हसू नका. त्यामागे आपला इतिहास आहे. मेलेली ढोरे ओढणे, गावची घाण उपसणे ही कामे जन्माने आपल्या गळ्यात बांधली गेली होती. १९२७ साली महाडला बाबासाहेबांनी ती सोडण्यास सांगितले. १९२८ साली त्यांनी महार वतनाच्या प्रश्नावर मुंबई विधिमंडळात विधेयक आणले. वतने कायद्याने रद्द व्हायला १९५८ साल उजाडावे लागले. ज्यांच्या घरात ही आठवण जिवंत आहे, त्या आईला लेकीच्या हातात बेडपॅन बघवत नसेल, तर तिला अडाणी म्हणण्याचा अधिकार कोणालाही नाही.

पण या प्रश्नाचे उत्तर आपल्याला आपल्या धम्मातच सापडते. विनयपिटकातील महावग्गाच्या आठव्या खंधकात एक प्रसंग आहे. एका भिक्खूला पोटाचा विकार झाला होता आणि तो स्वतःच्याच मलमूत्रात पडून होता. तथागत आनंदासह विहारात फिरत असता तेथे आले. तुझी सेवा करायला कोणी का नाही, असे त्यांनी विचारले. आपण इतर भिक्खूंच्या काही उपयोगी पडत नाही म्हणून ते आपल्याकडे पाहत नाहीत, असे त्याने सांगितले. तथागतांनी आनंदाला पाणी आणायला पाठविले. स्वतः पाणी ओतले, आनंदाने अंग धुतले. मग एकाने डोक्याकडून व एकाने पायांकडून धरून त्याला मंचावर निजविले. नंतर संघाला बोलावून त्यांनी समजावले, की येथे तुमचे आईबाप नाहीत, तुम्हीच एकमेकांना पाहिले नाही तर कोण पाहणार? ज्याला माझी सेवा करायची असेल, त्याने आजाऱ्याची करावी.

येथे फरक ध्यानात घ्या. जन्मामुळे लादलेले, नकार देण्याची मुभा नसलेले काम ही गुलामी होय. स्वतः निवडलेले, शास्त्र शिकून, परीक्षा देऊन, परिषदेत नाव नोंदवून, पगार घेऊन केलेले काम हा व्यवसाय होय. हात तेच असतील, पण त्या हातांचा मालक बदललेला असतो. १८९७ च्या प्लेगात रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले यांना लागण झाली व १० मार्च रोजी त्यांचे निधन झाले. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईच्या कामा रुग्णालयात अतिरेकी शिरले, तेव्हा परिचारिका अंजली कुलथे यांनी वीस गरोदर महिलांना सुरक्षित जागी नेऊन वाचविले. या कामाला हलके कोण म्हणेल?

तरीही प्रत्येकीने नर्सिंगला जावेच असे नाही. त्याच खंधकात चांगल्या शुश्रूषकाचे पाच गुण दिले आहेत. त्यांवर स्वतःला तपासावे.

१) औषध तयार करून देण्याची पात्रता. आज याचा अर्थ मात्रा अचूक मोजणे. गणिताचा व इंग्रजीचा कंटाळा असेल, तर आधी तो घालवावा.
२) रुग्णाला काय सोसते व काय सोसत नाही याची जाण.
३) लाभावर डोळा न ठेवता मैत्रीभावाने सेवा. पगार जरूर घ्यावा. पण केवळ पगारासाठी आलेली मुलगी रात्रपाळीत लवकर कोमेजते.
४) मल, मूत्र, थुंकी, वांती उचलताना किळस न वाटणे.
५) धीराचे शब्द बोलून रुग्णाला उभारी देणे.

चौथ्या व पाचव्या गुणाची परीक्षा पुस्तकात होत नाही. म्हणून त्या मुलीला एवढेच सुचविले, की आजारी आजीच्या उशाशी आठ रात्री बस, तिचे सर्व काही तू कर, मग ठरव. मुलगे मुंबईला आणि म्हातारी माणसे गावी, अशी घरे आपल्याकडे कमी नाहीत. परीक्षेला दूर जावे लागणार नाही. हाच सल्ला मुलग्यांनाही आहे. हा व्यवसाय फक्त बायकांचा नव्हे.

आता व्यवहाराच्या गोष्टी. ए. एन. एम. दोन वर्षांचा, जी. एन. एम. तीन वर्षांचा व बी. एससी. नर्सिंग चार वर्षांचा अभ्यासक्रम आहे. जी. एन. एम.ला कोणत्याही शाखेची बारावी चालते, मात्र इंग्रजी विषय हवा. बी. एससी. नर्सिंगला भौतिक, रसायन व जीवशास्त्र लागते आणि राज्याची प्रवेश परीक्षा द्यावी लागते. जी. एन. एम. झाल्यावर पुढे दोन वर्षांत पदवीही घेता येते. तेव्हा कला शाखेच्या मुलीने दार बंद समजू नये.

चालू वर्षाची परीक्षा सोडू नका. नवे प्रवेश उन्हाळ्यानंतर होतात, तेव्हा परीक्षा देण्यात तोटा काहीच नाही. नवा प्रवेश पक्का झाल्याशिवाय जुन्या कॉलेजातून दाखला काढू नका. भारत सरकारची शिष्यवृत्ती घेत असाल, तर अभ्यासक्रम बदलण्यापूर्वी समाजकल्याण कार्यालयात लेखी विचारा, कारण परवानगीशिवाय बदल केल्यास ती रद्द होऊ शकते. वसतिगृहात जागा न मिळाल्यास अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी असलेल्या स्वाधार योजनेची चौकशी करा. जात वैधता प्रमाणपत्राच्या मागे आजपासूनच लागा. परराज्यातील कॉलेजात जागा मिळवून देतो म्हणणाऱ्या एजंटाच्या हाती मूळ कागद कधीही देऊ नका; संस्थेला परिचर्या परिषदेची मान्यता आहे की नाही, हे आधी स्वतः पाहा.

त्या मुलीने आठ रात्री काढल्या. नवव्या सकाळी आजीनेच सुनेला सांगितले, "चेडवाक जावंक दी." मुलीने पहिल्या वर्षाची परीक्षा दिली आणि मगच अर्ज भरला. आईने तिला कागदपत्रांसाठी नवी पिशवी शिवून दिली.

पालकहो, मुलीला अडवायचे असेल तर तिच्या गुणांकडे पाहून अडवा, जुन्या जखमेकडे पाहून नको. आणि मुलींनो, जायचे असेल तर इथे मन लागत नाही म्हणून जाऊ नका. तिथे आपली गरज आहे आणि आपल्याला ते जमते, हे तपासून जा. ऐकीव गोष्टीवर न विसंबता स्वतः पारखून घेण्याची शिकवण तथागतांनी कालामांना दिली होती. आयुष्याचा निर्णयही त्याच कसोटीवर घ्यावा.

जय भीम!