‘जर-तर’चा निबंध: पानिपत, चंद्र आणि आपला वर्ग



परीक्षेतला कल्पनाप्रधान निबंध आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा. ‘सूर्य उगवला नाही तर’, ‘मला पंख असते तर’, ‘मी मुख्यमंत्री झालो तर’. मुलं काय लिहितात तेही आपल्याला पाठ आहे. पंख असते तर मी उंच उडालो असतो, ढगांशी खेळलो असतो, आणि शेवटी आईची हाक येते नि स्वप्न मोडतं. चाळीस वह्या तपासा, चाळीस वेळा आई हाक मारते!

यात मुलांचा दोष नाही. आपण ‘कल्पना करा’ एवढंच सांगतो. केलेली कल्पना पुढे कशी न्यायची, ते सांगत नाही. ते शिकवायला मला दोन गोष्टी फार उपयोगी पडल्या. एक आपल्या मराठीतली कथा आणि दुसरी अंतराळावरची एक परदेशी मालिका. त्यावरून वर्गात पाठ कसा घ्यायचा, ते आज सांगते.

१) नारळीकरांचं पानिपत

डॉ. जयंत नारळीकर यांची ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ ही कथा पुष्कळांनी वाचली असेल. अकरावीच्या एनसीईआरटीच्या इंग्रजी पुस्तकातही ती ‘द अ‍ॅडव्हेंचर’ या नावाने आहे. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर विश्वासरावांना गोळी लागली आणि मराठी फौजेचा धीर सुटला, हे आपण इतिहासात शिकवतो. नारळीकरांनी काय केलं? ती गोळी विश्वासरावांच्या कानाजवळून नेली, एवढंच. बाकी रणांगण तेच, माणसं तीच. तिथून पुढे मराठे जिंकतात, कंपनीचे इंग्रज मुंबईपुरते राहतात आणि इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत अशा एका वेगळ्याच भारतात जाऊन पडतात.

लातूरकरांनी मुलांना आणखी एक धागा जरूर सांगावा. पानिपताची वाट आपल्या उदगीरवरून जाते. फेब्रुवारी १७६० मध्ये सदाशिवरावभाऊंनी उदगीरला निजामाचा पराभव केला. पुढच्याच महिन्यात परतूरच्या मुक्कामातून ते उत्तरेकडे निघाले. सहलीला जो किल्ला आपण दाखवतो, तिथल्या विजयानंतर वर्षभरात पानिपत घडलं. हे कळलं की मुलं किल्ल्याकडे वेगळ्या नजरेने बघतात.

२) चंद्रावर रशियन आधी उतरले असते तर?

‘फॉर ऑल मॅनकाइंड’ ही मालिका नोव्हेंबर २०१९ मध्ये अ‍ॅपल टीव्हीवर सुरू झाली. तिची सुरुवात अशी: जून १९६९. सगळं जग टीव्हीसमोर बसलंय आणि चंद्रावर पहिलं पाऊल पडतं ते सोव्हिएत अंतराळवीर अलेक्सी लिओनोव्ह यांचं!

प्रत्यक्षात काय झालं होतं? सोव्हिएत अंतराळ कार्यक्रमाचे मुख्य शिल्पकार सर्गेई कोरोलेव्ह १४ जानेवारी १९६६ रोजी शस्त्रक्रियेदरम्यान वारले. त्यांचं चंद्रावर जाणारं एन-१ रॉकेट १९६९ ते १९७२ या काळात चार वेळा उडवलं गेलं आणि चारही वेळा अपयशी ठरलं. मालिका करणाऱ्यांनी बदललेली गोष्ट हीच. त्यांच्या जगात कोरोलेव्ह वाचतात. (पानिपत आणि कोरोलेव्ह, दोन्हीची तारीख १४ जानेवारी, म्हणजे आपल्या संक्रांतीच्या सुमाराची. मुलांना एवढं सांगितलं की दोन्ही सनावळ्या डोक्यात बसतात.)

आता पुढची साखळी बघा. खऱ्या जगात अमेरिका जिंकली आणि डिसेंबर १९७२ नंतर तिने चंद्राकडे माणूस पाठवणंच थांबवलं. मालिकेत अमेरिका हरते, म्हणून थांबत नाही. ती चंद्रावर तळ उभारते. दुसऱ्या खेपेला रशियन एका बाईला चंद्रावर उतरवतात, म्हणून अमेरिकेलाही घाईघाईने स्त्रियांना तयार करावं लागतं.

इथे मी वर्गात थांबते, कारण यामागची खरी गोष्ट कल्पनेहून जास्त बोलकी आहे. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत तेरा महिला वैमानिकांनी अंतराळवीरांसाठीच्या कठीण वैद्यकीय चाचण्या खाजगीरीत्या दिल्या आणि त्या पास झाल्या. पण अंतराळवीर व्हायला जेट विमानांचा चाचणी वैमानिक असण्याची अट होती, आणि ते काम तेव्हा बायकांना मिळतच नव्हतं. झालं! सोव्हिएत संघाची व्हॅलेंतिना तेरेश्कोवा १९६३ मध्ये अंतराळात गेली. अमेरिकेची सॅली राइड गेली ती थेट १९८३ मध्ये. अपोलो मोहिमांत चंद्रावर चाललेली बाराही माणसं पुरुष होती.

मुलांना मी विचारते, “त्या तेरा जणींत काय कमी होतं?” वर्ग म्हणतो, “काहीच नाही.” “मग त्यांना कुणी अडवलं?” जरा वेळाने मागून उत्तर येतं, “अटीनं.”

पाठाचं सार या एका शब्दात आलं. विश्वासरावांची गोळी आणि कोरोलेव्हांची शस्त्रक्रिया यांत दैवाचा भाग होता. अट मात्र माणसांनी घातली होती, आणि माणसांनी घातलेली अट माणसांना काढता येते.

३) वर्गात कसं घ्यावं?

दोन तासिका पुरतात.

१. आधी खरी गोष्ट. काय घडलं ते तारखेसह फळ्यावर लिहा. खरं माहीत नसेल तर ‘जर’ला अर्थ नाही.

२. एकच गोष्ट बदला. मुलं लगेच दहा गोष्टी बदलतात. अडवा. एकच.

३. ‘म्हणून’ची साखळी. बदललेल्या गोष्टीपासून पाच वाक्यं, प्रत्येकाची सुरुवात ‘म्हणून’ने. प्रत्येक वाक्याला बाकीच्यांनी ‘कशावरून?’ विचारायचं.

४. ‘तरीही’चं वाक्य. एवढं बदलूनही काय तसंच राहिलं असतं? हे वाक्य सगळ्यात अवघड आणि सगळ्यात महत्त्वाचं.

५. मगच निबंध लिहायचा.

आपल्या भागासाठी काही विषय:

– भाऊ उदगीरला जिंकले नसते तर?

– सप्टेंबर १९४८ची पोलीस कारवाई आणखी दोन वर्षं झाली नसती तर? (मुक्तिसंग्राम दिनाच्या आठवड्यात, घरातल्या जुन्या माणसांना विचारून.)

– ७ सप्टेंबर २०१९ रोजी चांद्रयान-२ चा विक्रम लँडर नीट उतरला असता तर? (त्या अपयशानंतर चांद्रयान-३ च्या लँडरचे पाय मजबूत केले गेले आणि उतरण्याची जागा मोठी ठरवली गेली. मग यशच आलं असतं तर हे बदल सुचले असते का?)

एक विषय जपून. ३० सप्टेंबर १९९३ चा किल्लारीचा भूकंप अजून कितीतरी घरांत ताजा आहे. ‘भूकंप झालाच नसता तर’ असा विषय मी देत नाही. भूकंप आपल्या हातात नाही, आणि असा निबंध ज्या घरात माणूस गेलंय तिथे नुसता बोचतो. मोठ्या वर्गात विचारायचंच असेल तर ‘घरं वेगळी बांधलेली असती तर’ असं विचारा. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि वरचं मातीचं जड धाबं अंगावर आल्याने हजारो माणसं गेली. घर कसं बांधायचं हे तर आपल्या हातात आहे ना!

४) नमुना निबंध

आमच्या सातवीतल्या एका मुलीने लिहिलेला. तिला विचारून, फक्त शुद्धलेखन दुरुस्त करून देत आहे.

*आमच्या गावात आठवीचा वर्ग असता तर*

*आमच्या गावात सातवीपर्यंत शाळा आहे. आठवीला सहा किलोमीटरवर जावं लागतं. माझ्या ताईने दोन वर्षांपूर्वी सातवी पास केली. तिला एसटीचा पास फुकट मिळाला असता, पण संध्याकाळची गाडी उशिरा येते. गावात आठवीचा वर्ग असता तर ताईला गाडीची वाट बघावी लागली नसती. म्हणून आईला काळजी वाटली नसती. म्हणून ताईचं नाव शाळेत राहिलं असतं. म्हणून ती आता दहावीला जायच्या तयारीत असती आणि मला गणित शिकवलं असतं. तरीही दिवाळीनंतर आई-बाबा ऊसतोडीला गेलेच असते. मग लहान भावाला सांभाळायला ताईच घरी राहिली असती. म्हणून नुसता आठवीचा वर्ग पुरला नसता. आणखी एक गोष्ट बदलावी लागली असती.*

यात ना पंख आहेत, ना ढग, ना आईची हाक. पण ‘तरीही’ लिहिताना या मुलीच्या जे लक्षात आलं, ते मोठ्यांच्याही पटकन लक्षात येत नाही. अट एकच नसते. एक काढली की तिच्यामागची दुसरी दिसते. हा निबंध मी पालकसभेत वाचून दाखवला. ऊसतोडीच्या दिवसांत लहान भावंडांना कुणी सांभाळायचं, यावर त्या दिवशी पहिल्यांदा उघड बोलणं झालं. उत्तर अजून सापडलेलं नाही. प्रश्न मात्र आता एका घराचा राहिला नाही.

५) पालकांसाठी थोडंसं

ही मालिका मोठ्यांसाठी आहे. त्यातली भाषा आणि काही प्रसंग मुलांना दाखवण्यासारखे नाहीत. मालिका तुम्ही बघा आणि गोष्ट मुलांना तोंडी सांगा. नारळीकरांची कथा मात्र सातवी-आठवीच्या मुलांना सोबत बसून वाचून दाखवता येईल.

आणि घरी जेवताना एखाद्या दिवशी विचारा, “आपल्या घरातली एकच गोष्ट बदलायची म्हटली तर तू कोणती बदलशील? आणि मग पुढे काय काय होईल?” उत्तर ऐकून घ्या, मध्ये बोलू नका. लेकरं ‘म्हणून, म्हणून’ करत कुठपर्यंत पोचतात ते बघाच.

तुमच्या वर्गात हा उपक्रम घेतलात तर मुलांची ‘तरीही’ची वाक्यं मला जरूर कळवा. मी तीच आधी वाचते.