बोअरवेल आणि शेजाऱ्याचा हक्क



सूरह अल्-मुल्कच्या शेवटच्या आयतीत अल्लाह माणसाला एक प्रश्न विचारतो. आशय असा : तुमचे पाणी जमिनीत खोल गेले, तर वाहते पाणी तुम्हाला कोण आणून देईल? मराठवाड्याला हा प्रश्न समजावून सांगावा लागत नाही. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला पाणी देणारे मांजरा धरण आटले, पाणी भरण्याच्या ठिकाणी जमावबंदी लागू झाली आणि एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले.

पावसाने ओढ दिली होती, हे खरे. परंतु तहान सर्वांच्या वाट्याला सारखी आली नाही. पोहऱ्याने पाणी शेंदण्याच्या काळात उपशाला माणसाच्या बळाची मर्यादा होती. खोदाईची गाडी आणि विजेची मोटार यांनी ती संपविली. आपल्याकडील काळ्या पाषाणात पाणी मुख्यतः भेगांमध्ये साठते. ज्याच्याजवळ पैसा, तो आणखी खोल जातो. त्याच भेगांवर जगणारी शेजाऱ्याची उथळ विहीर कोरडी पडते. मग तो टँकरचे पाणी विकत घेतो, किंवा त्याची मुलगी शाळा बुडवून घागरीसह रांगेत उभी राहते.

दोष यंत्राचा नाही. नांदेडजवळच्या विष्णुपुरी प्रकल्पात गोदावरीचे पाणी पंपांनीच उचलून अनेकांच्या शेतांसाठी दिले जाते. प्रश्न मालकीच्या मर्यादेचा आहे. पाणी, चारा आणि अग्नी यांत प्रेषित मुहम्मद (स.) यांनी लोकांना भागीदार ठरविले (अबू दाऊद). जास्तीचे पाणी वाटसरूला नाकारणाऱ्यास त्यांनी कठोर इशारा दिला (बुखारी). इस्लामी विधिज्ञांच्या मते, विहीर खोदणाऱ्याचा पहिला हक्क मान्य आहे, भांड्यात भरलेले पाणी विकताही येते. परंतु गरज भागल्यावर उरलेले पाणी तहानलेल्यापासून अडवून ठेवता येत नाही. मदीनेतील रूमा विहिरीचे पाणी लोकांना विकत घ्यावे लागे, हजरत उस्मान (रजि.) यांनी ती खरेदी करून सर्वांसाठी खुली केली.

तुमच्या अंगणात बोअर असेल, तर उन्हाळ्यात एक तोटी भिंतीबाहेर काढा. शेजारी कोणत्या धर्माचा, हे पाहू नका. पावसाळ्यात गच्चीवरचे पाणी जमिनीत मुरवा. मशिदीतील वुजूचे पाणी गटारात न सोडता शोषखड्ड्यात जाऊ द्या. हीच तुमची सदका-ए-जारिया ठरेल. जमिनीखालचे पाणी आपण निर्माण केलेले नाही; ती अमानत आहे आणि तिचा हिशेब द्यायचा आहे. अल्लाह आपणा सर्वांस याची तौफीक देवो. आमीन.