पाट, भिंत आणि बाग : शेजाऱ्याच्या हक्काचे माप

शेजाऱ्याशी चांगले वागावे, हे आपल्यापैकी कोणालाही नव्याने शिकवावे लागत नाही. ईदला शीरखुर्म्याची वाटी पाठवणे, आजारपणात धावून जाणे, मयतीच्या घरी जेवण पोहोचवणे, ही वळणे आपल्या घराघरांत आहेत. परंतु शेजाऱ्यांची मने दुरावतात ती बहुधा अशा प्रसंगांमुळे नव्हे. ती दुरावतात रोजच्या सामायिक गोष्टींवरून. कोणी नळाला थेट मोटर जोडतो, कोणी जिन्यातील दिव्याच्या बिलाचा वाटा टाळतो, कोणाचे कुंपण दरवर्षी वीतभर पुढे सरकते, तर कोणाच्या आंब्याची फांदी दुसऱ्याच्या कौलांवर टेकते. ‘एवढ्याशा गोष्टीत धर्म कशाला आणायचा?’ असे आपण सहज म्हणून जातो. प्रिय वाचकहो, ईशप्रेषित मुहम्मद (स.) यांच्यापुढे मात्र नेमके असेच तंटे येत असत आणि त्यांचे निवाडे हदीसच्या ग्रंथांत जपून ठेवले गेले आहेत. त्यांपैकी काहींचा आज अभ्यास करू.

शेजारी कोण?

सूरह अन्-निसाच्या ३६व्या आयतीत एका अल्लाहची उपासना करण्याच्या आज्ञेला लागूनच सद्वर्तनाची आज्ञा येते. त्यात आईवडील, नातलग, अनाथ आणि गरजू यांच्यानंतर शेजाऱ्यांचा उल्लेख आहे : नात्याचा शेजारी, परका शेजारी आणि सोबत असणारा सहचर. येथे शेजाऱ्याचा धर्म विचारलेला नाही. हजरत अब्दुल्लाह बिन अम्र (रजि.) यांच्या घरी बकरी कापली गेली, तेव्हा त्यांनी आपल्या यहुदी शेजाऱ्याला वाटा पोहोचला की नाही, याची पुनःपुन्हा चौकशी केली (अबू दाऊद, तिर्मिजी). म्हणून पुढील सर्व विवेचन वाचताना आपल्या भिंतीपलीकडचे कुटुंब डोळ्यांसमोर ठेवा. मग ते कोणत्याही समाजाचे असो.

वरच्या शेताचे पाणी

मदीनेजवळच्या काळ्या खडकाळ पठारावरून पाटांनी पाणी खाली येई आणि खजुरीच्या बागा भिजत. हजरत जुबैर (रजि.) यांची बाग वरच्या अंगाला होती, तर एका अन्सारी गृहस्थाची खालच्या अंगाला. पाणी न अडवता सोडून द्यावे, असा अन्सारींचा आग्रह होता. वाद प्रेषितांपुढे (स.) आला. त्यांनी हजरत जुबैर (रजि.) यांना सांगितले की, आपली बाग भिजवावी आणि मग पाणी शेजाऱ्याकडे सोडावे. अन्सारींना हे रुचले नाही. जुबैर हे तुमचे आत्तेभाऊ आहेत म्हणून असा निकाल दिला, अशा आशयाचे उद्गार त्यांच्या तोंडून निघाले. प्रेषितांच्या (स.) चेहऱ्याचा रंग पालटला. मग त्यांनी दुसरा निवाडा दिला : बांधाच्या पायापर्यंत पाणी पोहोचेतो ते अडवून धरावे आणि त्यानंतर सोडावे (बुखारी, मुस्लिम). हे माप लोकांनी पुढे घोट्याइतके मानले.

हे दोन्ही निवाडे शेजारी शेजारी ठेवून पाहा. दुसरा निवाडा म्हणजे हजरत जुबैर (रजि.) यांचा पूर्ण हक्क. पहिला निवाडा म्हणजे त्या हक्कातून शेजाऱ्यासाठी थोडे सोडून देण्याची सूचना. कुरआनने सूरह अन्-नह्लच्या ९०व्या आयतीत ‘अद्ल’ आणि ‘इहसान’ या दोन्ही गोष्टींची एकत्र आज्ञा दिली आहे. अद्ल म्हणजे ज्याचे त्याला मोजून देणे. इहसान म्हणजे आपल्या वाट्यातून स्वखुशीने सोडणे. प्रेषितांनी (स.) आरंभ केला तो इहसानपासून, आणि तोही ज्याचा हक्क मोठा होता त्याला सांगून. खालच्या अंगाच्या माणसाने मात्र शेजाऱ्याच्या औदार्यावर हक्क सांगू नये, हा या घटनेचा दुसरा धडा आहे.

यातून आजचा प्रश्नही सुटतो. आपल्याला पाणी आधी मिळते ते घर तळमजल्यावर आहे म्हणून, टाकी जवळ आहे म्हणून किंवा व्हॉल्व्हची चावी आपल्याकडे आहे म्हणून. हा योगायोग आहे, मालकी नव्हे. आधी घेण्याचा हक्क असला, तरी त्याला घोट्याइतकी मर्यादा आहे. नगरपालिकेच्या नळाला थेट मोटर लावणारा माणूस पाण्याचा दाबच ओढून घेतो आणि गल्लीच्या टोकाच्या घरातील बाई रिकामी घागर घेऊन उभी राहते. तो पाट अडवून बसतो आणि खालच्या बागेकडे पाणी सोडतच नाही. त्याच पाण्याने केलेल्या वुजूबद्दल अल्लाहपुढे काय उत्तर द्यायचे, हा विचार त्याने स्वतःच करावा.

पाळी आणि शिल्लक

हजरत सालेह (अ.) यांच्या कथेत कुरआनने पाण्याच्या पाळीचे तत्त्व सांगितले आहे. समूद लोकांपुढे आलेल्या सांडणीचा पाणी पिण्याचा एक दिवस ठरला होता आणि लोकांचा एक दिवस (सूरह अश्-शुअरा : १५५). बलाढ्य लोकांना एका मुक्या प्राण्याची पाळी सहन झाली नाही आणि त्यांनी तिला ठार केले. त्यांच्या विनाशाची कथा या अपराधाशी जोडलेली आहे. सामायिक विहिरीवर, बोअरवेलवर किंवा टाकीवर ठरलेली पाळी मोडताना ही कथा आठवावी.

विहीर स्वतःच्या जमिनीत असेल तर? फिक्हच्या विद्वानांनी याचा बारकाईने विचार केला आहे. भांड्यात किंवा टाकीत भरून घेतलेले पाणी भरणाऱ्याच्या मालकीचे असते. विहिरीच्या पाण्यावर मालकाचा हक्क आधी असतो. परंतु त्याची गरज भागल्यावर उरलेले पाणी तहानलेल्या माणसापासून आणि जनावरापासून त्याला अडवता येत नाही. दुसऱ्याच्या शेतीसाठी ते देणे बहुसंख्य विद्वानांच्या मते बंधनकारक नाही. दिले तर पुण्य आहे. शिल्लक पाणी अडवणाऱ्याला कयामतच्या दिवशी अल्लाह आपल्या कृपेपासून वंचित ठेवील, कारण जे त्याच्या हातांनी निर्माण केले नव्हते तेच त्याने अडवले, असा इशारा हदीसमध्ये आहे (बुखारी).

शिल्लक उरण्यासाठी वापरही बेताचा हवा. प्रेषित (स.) एका ‘मुद्द’ पाण्यात वुजू करीत (बुखारी, मुस्लिम). मुद्द म्हणजे साधारणतः मध्यम बांध्याच्या माणसाची दोन्ही हातांची भरलेली ओंजळ. फजरच्या वेळी नळ सोडून ठेवून वुजू करणाऱ्याच्या हातून अशा कित्येक ओंजळी गटारात जातात आणि त्याच टाकीतून वरच्या मजल्यावर पाणी चढायचे असते.

मीटर आणि वाटणी

वीज दिसत नाही, म्हणून तिचा हिशेबही डोळ्याआड होतो. एका मीटरवर दोन कुटुंबे राहतात. एकाकडे एक पंखा व दोन दिवे, दुसऱ्याकडे फ्रिज, गिझर आणि पिठाची चक्की. बिल मात्र निम्मे-निम्मे. सूरह अल्-मुतफ्फिफीनच्या आरंभी स्वतः घेताना पुरते मोजून घेणाऱ्या आणि दुसऱ्याला देताना कमी देणाऱ्यांचा धिक्कार आहे. ही आयत केवळ वाण्याच्या तराजूसाठी आहे, असे समजू नये. वेगळा मीटर बसवणे शक्य असेल तर तो बसवावा. नसेल तर वापराप्रमाणे वाटा ठरवून कागदावर लिहावा. उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याची आज्ञा सूरह अल्-बकराच्या २८२व्या आयतीत आहे. लिहिण्याने संशयाला जागा उरत नाही, हे तिथे सांगितलेले कारण येथेही तितकेच लागू पडते.

गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत पाणीपट्टी सदनिकेतील नळांच्या संख्येनुसार आणि आकारानुसार, तर सेवाशुल्क सर्व सदनिकांना सारखे, अशी वाटणी सांगितली आहे. संस्थेचे सभासद होताना आपण हे नियम मान्य केलेले असतात. करार पाळावेत ही कुरआनची आज्ञा आहे (५:१). म्हणून थकबाकी ठेवून दिवा मात्र वापरणे हा केवळ संस्थेचा नियमभंग नव्हे.

भिंत, पाइप आणि वाट

शेजाऱ्याला आपल्या भिंतीत तुळई बसवू देण्यास मनाई करू नये, असा प्रेषितांचा (स.) उपदेश हजरत अबू हुरैरा (रजि.) यांनी सांगितला आहे (बुखारी, मुस्लिम). इमाम अहमद यांच्या मते हे बंधनकारक आहे. हनफी व मालिकी विद्वान ही उत्तम वर्तनाची शिकवण मानतात. शाफई पंथातील प्रचलित मतही असेच आहे. कोकणातील बहुसंख्य मुस्लिम शाफई आणि घाटावरचे बहुसंख्य हनफी. तेव्हा दोघांच्याही दृष्टीने हा इहसानचा विषय झाला. पण प्रेषितांनी (स.) सांगितलेले औदार्य टाळण्यात भूषण कसले?

हजरत उमर (रजि.) यांच्या काळातील एक निवाडा इमाम मालिक यांच्या ‘मुवत्ता’मध्ये आहे. जह्हाक बिन खलीफा यांना आपला पाट मुहम्मद बिन मस्लमा (रजि.) यांच्या जमिनीतून न्यायचा होता आणि ते नकार देत होते. हजरत उमर (रजि.) यांनी त्यांना समजावले की, या पाटाने तुमचेही शेत भिजेल आणि तुमचे काही नुकसान होणार नाही. तरीही नकार आला, तेव्हा त्यांनी पाट नेण्याचा हुकूम दिला. त्यांचा प्रश्न आज जसाच्या तसा विचारता येतो : शेजाऱ्याचा नळाचा पाइप, सांडपाण्याची नळी किंवा विजेची केबल आपल्या हद्दीतून गेली, तर आपले खरोखर काय बिघडते? उत्तर ‘काही नाही’ असेल, तर नकारामागे केवळ अहंकार उरतो.

वाटेच्या रुंदीवरून तंटा झाला, तर सात हात रुंदी सोडावी, असा प्रेषितांचा (स.) निवाडा आहे (बुखारी, मुस्लिम). आपल्या देशातही वहिवाटीच्या हक्कांविषयी १८८२चा कायदा आहे. जमीन बळकावण्याबाबत तर कठोर इशारा आहे : वीतभर जमीन अन्यायाने घेणाऱ्याच्या गळ्यात सात जमिनींचे जोखड घातले जाईल (बुखारी, मुस्लिम). चिऱ्याचा गडगा नव्याने रचताना दोरी आधी शेजाऱ्याच्या साक्षीने लावावी.

बाग आणि झाड

एका सहाबींचे खजुराचे झाड दुसऱ्याच्या बागेत होते. त्यांच्या येण्याजाण्याने बागमालकाच्या घरच्यांना त्रास होई. प्रेषितांनी (स.) झाडाच्या मालकापुढे एकामागून एक पर्याय ठेवले : विकून टाका, बदल्यात दुसरीकडे झाड घ्या, किंवा दान करा आणि पुण्य मिळवा. तिन्ही नाकारले गेले, तेव्हा हे नुकसान करणे आहे, असे सांगून त्यांनी बागमालकाला झाड काढण्याची परवानगी दिली (अबू दाऊद). या हदीसच्या सनदीविषयी तज्ज्ञांनी चर्चा केली आहे. परंतु कोणाचे नुकसान करू नये आणि नुकसानीच्या बदल्यात नुकसानही करू नये, हे तिच्यामागचे तत्त्व फिक्हमध्ये सर्वमान्य आहे.

येथे क्रम महत्त्वाचा आहे. कुऱ्हाड सर्वांत शेवटी येते. आपल्या अंगणात आलेली फांदी शेजाऱ्याला आधी सांगावी, त्याला वेळ द्यावा आणि जमल्यास त्याच्याबरोबर उभे राहून ती छाटावी. त्या फांदीवरचे आंबे झाडाच्या मालकाचे आहेत. परवानगीवाचून ते उतरवू नयेत. मालकानेही चार आंबे पाठवावेत आणि कौलांवर पडलेला पाचोळा काढून द्यावा. नारळाच्या झाडाखाली शेजाऱ्याची मुले खेळत असतील, तर पक्व नारळ वेळेवर उतरवणे ही मालकाचीच जबाबदारी आहे.

सोसायटीच्या बागेचा नियम याहून सोपा आहे. ती सर्वांची आहे, म्हणून तळमजल्यावरच्या रहिवाशाने तिला जाळी लावू नये, कोणी तिथे कायमची गाडी ठेवू नये आणि फुले एकट्याच्या घरी जाऊ नयेत. बकरी ईदला सामायिक अंगण वापरायचे असेल, तर संबंधित नियम पाळून आणि सर्वांची संमती आधी घेऊन वापरावे, आणि आवार पूर्वीपेक्षा स्वच्छ करून द्यावे. कुरबानीचा हेतू ईशपरायणता आहे. शेजाऱ्याच्या दारात वास रेंगाळत ठेवून तो साधत नाही.

घरी बसून करावयाचा अभ्यास

या आठवड्यात एकदा कुटुंबासह बसा आणि तीन प्रश्न विचारा. आपल्या घरी कोणत्या गोष्टी शेजाऱ्यांसोबत सामायिक आहेत? त्या प्रत्येकीत आपला हक्क नेमका किती आहे? आणि त्या हक्कातून आपण आनंदाने किती सोडू शकतो? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे कागदावर लिहा. माप ठाऊक नसेल, तर आपण दुसऱ्याचेच घेतलेले परत करतो आणि त्याला औदार्य समजतो. हक्काबाहेरचे काही आपल्याकडे आढळले, तर ते आधी परत करा. मिठाईचा डबा त्यानंतर न्या.

जिब्रील (अ.) शेजाऱ्याविषयी इतक्या वेळा ताकीद देत राहिले की, शेजाऱ्याला वारसाहक्कही मिळेल की काय, असे प्रेषितांना (स.) वाटू लागले (बुखारी, मुस्लिम). वारसा मोजून दिला जातो, कृपा म्हणून नव्हे. शेजाऱ्याचे पाणी, त्याची वाट आणि त्याची सावली आपण त्याच काटेकोरपणे मोजून देऊ या, आणि मग आपल्या वाट्यातले थोडे त्यात घालू या. अल्लाह आपणा सर्वांना तशी सद्बुद्धी देवो. आमीन.